37 वर्षांनी पहिला क्रमांक

केट बुश या ब्रिटिश गायिकेचं ‘रनिंग अप दॅट हिल’ हे गाणं 1985 सालचं. मे 2022मध्ये ते ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ मालिकेच्या चौथ्या पर्वात वाजलं आणि जूनमध्ये ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत अव्वल ठरलं!

पडद्यावर गाणं वापरायला दोन परवानग्या लागतात. एक शब्द आणि चालीच्या हक्कदाराची, दुसरी ध्वनिमुद्रणाच्या मालकाची. हे हक्क पुष्कळदा वेगवेगळ्या कंपन्यांकडे असतात, शिवाय अनेक गीतकारांत वाटलेले. एकाचा होकार अडला, तर निर्माता सरळ दुसरं गाणं शोधतो. म्हणून गाण्यांचा संग्रह सांभाळणाऱ्याच्या नोंदी चोख लागतात: रचना कुणाची, वाटा किती, नुसत्या वाद्यसंगीताची प्रत हाताशी आहे का. पडद्यामागचं हे काम फार मोलाचं आहे; कलाकाराची उतारवयातली मिळकत त्यावर उभी राहू शकते.

बुश सहजी परवानगी देत नाहीत. संगीत पर्यवेक्षक नोरा फेल्डर यांनी गाण्याचं कथेतलं स्थान समजावणारी पानं पाठवली. बुश मालिकेच्या चाहत्याच निघाल्या. ध्वनिमुद्रणाचे हक्कही त्यांच्याच हाती होते.

मिळकतीचा असा हक्क राखायला भारतात कायद्याचाही आधार आहे: 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर चित्रपटगीतांच्या चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकार-संगीतकार निर्मात्याला लिहून देऊ शकत नाहीत.