शेवटचा रिस्टोअर कधी घेतला?



स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपले मनःपूर्वक स्वागत करतो. १९८८ साली सी-डॅकची स्थापना याच शहरात झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक इथेच उभा राहिला. वेगवान गणनेचे कौतुक पुण्याने भरपूर केले. आजची परिषद माहितीच्या साठवणीची आहे, आणि साठवण सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला कौतुक फारसे येत नाही. सहकारी बँका, रुग्णालये, विद्यापीठे, साखर कारखाने यांचे स्टोरेज सांभाळणारी माणसे या सभागृहात बसली आहेत. सगळे सुरळीत असते तेव्हा तुमची कुणाला आठवण होत नाही. फोन येतो तो काही बिघडल्यावर, आणि बहुधा अपरात्री. म्हणून या व्यासपीठावरून पहिला नमस्कार तुम्हाला.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यातल्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. सगळे कागद एकाच जागी ठेवणे म्हणजे काय, हे या गावाला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही ती चूक आजही होते, आणि मोठ्या जागी होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांना आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’वरची ८५८ टीबी माहिती जळाली. साठा फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. खरे तर साठा जितका मोठा, तितकी दुसऱ्या गावातल्या प्रतीची गरज जास्त.

पण नुसती प्रत असून भागत नाही. मला इथे थोडे थांबायचे आहे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरच डेटाबेसची डिरेक्टरी पुसण्याची कमांड दिली. चूक क्षणात लक्षात आली, कमांड थांबवली, पण सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर ठरलेली जागा रिकामी. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि बॅकअप घेणारे साधन ९.२ चे, त्यामुळे तो रोज फसत होता. फसल्याचे ई-मेल निघत होते. पण त्यांवर आवश्यक ती सही नसल्याने मेल सर्व्हर ते परत पाठवत होता. शेवटी उपयोगी पडला तो त्याच इंजिनिअरने वेगळ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट. तो ज्या डिस्कवर होता ती संथ, म्हणून परत आणायलाच सुमारे अठरा तास गेले, आणि सहा तासांचे काम कायमचे गमावले.

या कंपनीने पुढे जे केले त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. दुरुस्ती सुरू असतानाच तिने सगळे जगापुढे उघड मांडले, इंजिनिअरचा बळी दिला नाही आणि दोष पद्धतीत शोधला. आपल्याकडे अशी घटना झाली की आधी दार लावून बैठक होते. परिणामी शेजारच्या संस्थेत तेच पुन्हा घडते.

बॅकअप म्हणजे स्टेपनी. तिच्यात हवा आहे की नाही हे टायर फुटायच्या आधी बघायचे असते. ‘जॉब सक्सेसफुल’ असा हिरवा शेरा पाहून आपण निर्धास्त होतो. त्या शेऱ्याने फक्त काहीतरी लिहिले गेले एवढेच कळते. ते वाचता येते का, किती वेळात वाचता येते, वाचून डेटाबेस उघडतो का, हे दर तिमाहीला वेगळ्या सर्व्हरवर प्रत्यक्ष रिस्टोअर करूनच पाहावे लागते.

रेडबद्दलही, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडलेल्या रचनेबद्दलही, स्पष्ट बोलायला हवे. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथे कुणाला सांगायला नको. संचालक मंडळाला मात्र सांगावे लागते. २० टीबीची डिस्क गेली, तर सेकंदाला २०० एमबी या वेगानेसुद्धा नवी डिस्क भरायला सुमारे अठ्ठावीस तास लागतात, आणि चालू कामाच्या ओझ्याखाली त्याहून बरेच अधिक. त्या काळात उरलेल्या डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचल्या जातात. वर्षानुवर्षे कुणी न वाचलेला खराब सेक्टर नेमका तेव्हाच वर येतो. म्हणून नियमित स्क्रबिंग, म्हणजे सगळ्या डिस्क वाचून तपासणे, हवे, मोठ्या डिस्कसाठी रेड ६ हवे आणि पिवळा दिवा लागलेली डिस्क ‘सोमवारी बघू’ म्हणून सोडता कामा नये. २००७ मध्ये गूगलने लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिली स्कॅन एरर आलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट आढळली.

फर्मवेअर, क्षमतेचे नियोजन, रॅन्समवेअरपासून वाचवणाऱ्या न बदलता येणाऱ्या प्रती, यांवर तज्ज्ञ बोलणारच आहेत. त्यांचा वेळ मी घेत नाही.

एक विनंती मात्र करतो. दुपारच्या खुल्या सत्रात प्रत्येक संस्थेच्या प्रतिनिधीने तीनच गोष्टी सांगाव्यात: शेवटचा पूर्ण रिस्टोअर कोणत्या तारखेला घेतला, त्याला किती तास लागले आणि काय परत आले नाही. ज्यांनी घेतलेला नाही त्यांनी तसेच सांगावे. इथे कुणी कुणाला बोल लावणार नाही. संस्थाचालकही पहिल्या रांगेत आहेत. रिस्टोअरच्या चाचणीसाठी वेगळा सर्व्हर आणि कामाचे तास मागणाऱ्या आपल्या माणसाला त्यांनी आज इथेच होकार द्यावा, असा माझा आग्रह आहे.

आपल्या सर्वांचे पुन्हा स्वागत करतो आणि उद्घाटकांना दीपप्रज्वलनासाठी पुढे येण्याची विनंती करतो.