पाणी ओसरल्यावर

(आषाढी एकादशीनिमित्त मंडळाच्या सभागृहात झालेल्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी आज आम्हाला उभे केले आहे. "गेले वर्ष तुम्ही कसे काढलेत ते सांगा," असे त्यांचे म्हणणे. आम्ही काही वक्ते नव्हे. डिप्लोमा झाल्यावर राज्य सरकारच्या नोकरीत लागलो, आणि वीस-बावीस वर्षे मोजमापाची पुस्तके भरण्यात गेली. तेव्हा बोलताना चुकलेमाकले तर सांभाळून घ्या. आणि आम्ही "आम्ही" म्हणू, त्यातले काही आमच्या घरचे असेल, काही आमच्या सोसायटीचे. गेल्या वर्षाने या दोहोंत फारसा फरक ठेवलेला नाही.

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली आहे. कॅलेंडरवर ती तारीख पाहिली तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको काही न बोलता एकमेकांकडे पाहत राहिलो. २०२४ च्या २७ ऑगस्टला आमच्या घरात पाणी होते.

आपल्यापैकी बहुतेकांनी ते दिवस भोगले आहेत, म्हणून फार वर्णन करत नाही. सोमवारी, २६ तारखेला जन्माष्टमी होती. पाऊस थांबेना. वर आजव्याचा तलाव भरला आणि विश्वामित्री पात्र सोडून वस्तीत शिरली. पाणी ३५ फुटांच्या वर गेले. २००५ पाहिले होते, २०१९ पाहिले होते, पण पाणी दोन-दोन दिवस उंबऱ्याच्या आत ठाण मांडून बसलेले आम्ही प्रथमच पाहिले. मगरी कुठे कुठे निघाल्या त्याच्या गोष्टी आता आपण हसत सांगतो. तेव्हा कोणी हसत नव्हते.

सोमवारी संध्याकाळीच आमची ड्यूटी लागली. तीन रात्री घरी येता आले नाही. घरात शहात्तर वर्षांची आई, सौभाग्यवती आणि दहावीतली मुलगी. आमचे घर तळमजल्यावर. पाणी कमरेपर्यंत आले तेव्हा वरच्या मजल्यावरच्या गुजराती मासी आणि काकांनी तिघींना वर ओढून घेतले. तीन दिवस त्यांनी स्वतःच्या पिठाचे थेपले करून तीन घरच्या माणसांना खाऊ घातले. आम्ही तेव्हा शहराच्या दुसऱ्या टोकाला अनोळखी लोकांसाठी रस्ता मोकळा करण्याच्या कामात होतो. फोन बंद पडलेला.

चौथ्या दिवशी घरी पोचलो. दारात गुडघाभर चिखल. मुलगी जिन्यावर बसली होती. ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुम्ही सगळ्यांकडे गेलात. आमच्याकडेच नाही आलात."

हे वाक्य आम्ही वर्षभर वागवले.

फ्रिज गेला, गाद्या गेल्या, धान्य गेले. ते पुन्हा येते. पण खालच्या कपाटात अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, भजनाच्या वह्या होत्या. अण्णा जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. चाळीस वर्षे ते दर गुरुवारी भजनाला बसायचे, त्या साऱ्या चाली आणि पदे त्यांच्या अक्षरात होती. शेजारी त्यांची पेटी. आईने भिजलेल्या वह्या मांडीवर घेतल्या आणि त्या दिवसापासून तिने हरिपाठ म्हणणे सोडले. सकाळी उठायची, चहा घ्यायची आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेकडे पाहत बसायची.

७ सप्टेंबरला गणपती होता. पूर ओसरून जेमतेम आठवडा झालेला. भिंती ओल्या, घरात कुबट वास. आमचे पणजोबा सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यात आले, तेव्हापासून घरात पाच दिवसांचा गणपती. आई म्हणाली, "या वर्षी नको." सौभाग्यवती म्हणाल्या, "आणूया, पण झेपेल तेवढाच." शेवटी वीतभर शाडूची मूर्ती आणली आणि वरच्या मासींच्या बैठकीत दीड दिवस बसवली. खरे सांगायचे तर आनंद झाला नाही. आरती म्हटली, मोदक केले, सगळे केले. मन कुठेच नव्हते. सणात मनापासून सामील होता येत नाही याची आम्हाला लाजही वाटत होती.

दिवाळी गेली. नोव्हेंबर-डिसेंबर सर्वांत वाईट गेले. तोपर्यंत लोक विचारायचे थांबले होते. भिंतींना रंग लागला होता, बाहेरून सगळे ठीक. आत मात्र रात्री नळ गळला तरी दचकून जाग यायची. कचेरीत फायली पुढे सरकायच्या, पण आपण हे कशासाठी करतो ते कळेनासे झाले. घरात कारण नसताना आवाज चढायचा. सल्ले पुष्कळ मिळाले. विसरून जा, चांगले विचार करा, इतरांचे किती गेले ते बघा. सल्ले देणारे प्रेमाचेच होते, पण विसर काही पडला नाही. शेवटी झोपेसाठी डॉक्टरांकडे गेलो. ते इथे मुद्दाम सांगतो, कारण आपल्या घरांत ही गोष्ट लपवायची पद्धत आहे. त्यात लपवण्यासारखे काही नाही.

मग जानेवारीत, संक्रांतीला, एक साधी गोष्ट झाली. तिळगूळ द्यायला आई आणि नात सोसायटीत फिरल्या. कोपऱ्यातल्या घरी एक बा एकट्या राहतात. मुलगा परदेशी. त्या आईला म्हणाल्या की पुराच्या दिवसांत त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या, आणि दोन दिवस त्या खिडकीतून हाका मारत होत्या. कोणाला ऐकूच गेले नाही. आई घरी आली ती तडक वही मागू लागली. "अरे, आपल्याला मासींनी वर घेतले. त्या बाईंना कोण घेणार होते?"

दुसऱ्या दिवसापासून आजी आणि नात घरोघर जाऊ लागल्या. सोसायटीत चौसष्ट घरे. तळमजल्यावर कोण, एकटे कोण, कोणाला जिना चढवत नाही, कोणाला कोणती गोळी लागते, घरात तान्हे मूल आहे का, कोणाच्या मुलाचा फोन नंबर काय. आईचे गुजराती आमच्यापेक्षा चांगले. लोक तिला बसवून घेत, चहा देत, पुराच्या गोष्टी सांगत. चार महिने जी धड दोन वाक्ये बोलत नव्हती, ती रात्री जेवताना चौसष्ट घरांची हकीकत सांगू लागली.

यादी अर्धी झाल्यावर मुलगी आमच्याकडे आली. "बाबा, पाणी आधी कोणाच्या घरात शिरणार ते कसे कळेल?" या प्रश्नाचे उत्तर आम्हाला येत होते. सरकार आम्हाला त्याचाच पगार देते. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर राहते, एवढेच त्याचे शास्त्र. चार रविवार बाप-लेकीने सोसायटीच्या फाटकापासून प्रत्येक घराच्या उंबऱ्याची उंची मोजली. मग फाटकाच्या खांबावर रंगाने खुणा केल्या. पाणी पहिल्या खुणेला आले की कोणती सात घरे रिकामी करायची, दुसऱ्या खुणेला कोणती, मुख्य स्विच केव्हा बंद करायचा, कोणी कोणाच्या घरी वर जायचे, सारे कागदावर आले आणि प्रत्येक दाराच्या आत चिकटवले गेले. त्या चार रविवारी मुलगी आमच्याशी पहिल्यासारखी बोलली. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. ती नळीचे एक टोक धरून होती, आम्ही दुसरे.

मंडळी, पूजेला बसल्यावर गुरुजी आधी संकल्प सोडायला लावतात. त्यात तिथी, वार, आपण कुठे आहोत, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आहोत हे म्हणावे लागते, आणि मग कोणते कर्म करणार ते सांगायचे. लहानपणापासून ऐकतो, अर्थ आत्ता कुठे लागला. मन प्रसन्न झाल्यावर पूजा करा, असे गुरुजी म्हणत नाहीत. जिथे आहात तिथून, आज, हातातले काम सुरू करा, एवढेच ते सांगतात. प्रसन्नता मागाहून आली तर येते.

याच बडोद्यात १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी आले. एवढ्या शिकलेल्या माणसाला या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कमाटी बागेत बसून राहिले. त्या जागेला आपण आज संकल्प भूमी म्हणतो. त्यांच्या वाट्याला जे आले त्याच्याशी आमच्या चिखलाची तुलना करण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आणि तो पूर निसर्गाचा नव्हता, माणसांनीच, याच शहराने आणलेला होता, हेही विसरू नये. पण बागेजवळून जाताना वाटते की माणूस आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशीही पुढचे काम ठरवू शकतो, याची खूण आपल्या गावातच आहे.

सगळे नीट झाले असे मात्र समजू नका. अण्णांच्या वह्यांपैकी बॉलपेनने लिहिलेली पाने वर्तमानपत्रात घालून, पंख्याखाली वाळवून वाचली. शाईच्या पेनाची सगळी धुऊन गेली. त्यातले जेवढे आठवते तेवढे आई नव्या वहीत लिहून काढते आहे. पेटी मात्र दुरुस्त झाली नाही. कारागिराने हात टेकले. ती तशीच ठेवली आहे, माळ्यावर.

यंदा उन्हाळ्यात विश्वामित्रीतला गाळ काढला, पात्र रुंद केले. त्याने किती फरक पडतो ते पाऊसच सांगेल. जूनच्या शेवटी एका रात्री जोराची सर आली आणि आमचा फोन वाजला. ड्यूटीवर बोलावले होते. बूट घालताना हात थरथरत होते. मुलगी दाराशी आली, हातात आजीची वही. म्हणाली, "जा तुम्ही, बाबा. यादी आमच्याकडे आहे." त्या रात्री पाणी फाटकापर्यंतही आले नाही. पण वर्षभरात पहिल्यांदाच आम्ही पावसात निर्धास्त मनाने कामाला गेलो. त्यालाच आनंद म्हणतात का, हे जाणकारांनी ठरवावे.

शेवटी मंडळाला एक विनंती. यंदा उत्सवाच्या दिवसांत मांडवात एक वही ठेवावी. दर्शनाला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या, पोळीतल्या, सोसायटीतल्या एका एकट्या माणसाचे नाव आणि जवळच्या शेजाऱ्याचा फोन तीत लिहावा, त्या माणसाला विचारून. त्याला काही खर्च नाही. पहिले नाव आम्ही लिहू, कोपऱ्यातल्या बांचे. त्यांनी परवानगी दिली आहे, आणि गणपतीला आमच्याकडे मोदकांना यायचेही कबूल केले आहे. यंदा गणपती आमच्याच घरी, खालच्या मजल्यावर, पुरे पाच दिवस.

आज सकाळी आईने हरिपाठ म्हटला.

गणपती बाप्पा मोरया!