दोन व्याधी आणि औषधांची कसोटी



मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णापुढे दोनच मार्ग असतात : आयुष्यभर डायलिसिस किंवा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण. मात्र रुग्णाच्या रक्तात एच.आय.व्ही. असल्यास दुसरा मार्ग अनेक वर्षे बंदच होता. विषाणूने प्रतिकारशक्ती आधीच क्षीण केलेली असते. नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून ती औषधांनी आणखी दाबावी लागते. मग असा रुग्ण तग धरणार नाही, असे गृहीत धरले गेले. हे केवळ अनुमान होते, त्याची कसोटी कोणी घेतली नव्हती.

मद्रास येथे १९८६ साली भारतातील पहिले एच.आय.व्ही. बाधित रुग्ण उजेडात आणणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन या गायतोंडे या मराठी घराण्याच्या कन्या. त्यावेळी या विषाणूवर औषध उपलब्ध नव्हते. १९९६ च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धती आली. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून हे उपचार मोफत सुरू केले. रुग्णांचे आयुष्य वाढले आणि प्रत्यारोपणाचा प्रश्न नव्याने उभा राहिला.

अमेरिकेत २००३ ते २००९ या काळात डॉ. पीटर स्टॉक व सहकाऱ्यांनी १५० एच.आय.व्ही. बाधितांवर मूत्रपिंड प्रत्यारोपण करून त्यांचा अभ्यास केला. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक वर्षानंतर सुमारे ९५ टक्के व तीन वर्षांनंतर ८८ टक्के रुग्ण हयात होते. विषाणूही आटोक्यात राहिला. मात्र पहिल्याच वर्षी ३१ टक्के रुग्णांच्या शरीराने नव्या अवयवास विरोध केला. हे प्रमाण अपेक्षेहून बरेच अधिक होते.

म्हणून औषधांचा मेळ तपासणे अगत्याचे ठरले. रिटोनाविरसारखे विषाणूरोधक औषध चालू असता टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध रक्तात साचते. त्याची मात्रा फार कमी करावी लागते. एफाविरेन्झमुळे उलट ते लवकर निघून जाते. डोल्युटेग्राविरचा असा अडथळा होत नाही, म्हणून आज ते सोयीचे मानतात. पुढे मॅराविरॉकचीही चाचणी घेण्यात आली. विषाणू पेशीत शिरताना वापरतो ते द्वार हे औषध बंद करते; त्यानेच नव्या मूत्रपिंडाचेही रक्षण होईल काय, हा त्या चाचणीचा प्रश्न होता.

फुलसावंगीसारख्या गावातील श्रोत्यांचा या परदेशी प्रयोगांशी संबंध कोणता, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. लोक काय म्हणतील या भीतीने रुग्ण एच.आय.व्ही. च्या गोळ्या लपवून घेतो आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनाही सांगत नाही. औषधांचा मेळ बिघडला की दान मिळालेला अवयव हातचा जातो. १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आलेल्या कायद्याने अशा रुग्णास उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे व त्याची गुप्तता राखण्याचे बंधन घातले आहे. परंतु शेजाऱ्याच्या नजरेतील तिरस्कार कायद्याने जात नाही.

आपल्या परंपरेने औषधदान व अभयदान ही दोन्ही श्रेष्ठ मानली. औषध शासन देते, डॉक्टर देतात. अभय मात्र गावानेच द्यावयाचे आहे. ते मिळाले, तर रुग्ण आपली खरी व्याधी डॉक्टरांपुढे निःशंकपणे मांडू शकेल.