ठिपके गेल्यानंतरचे दहा दिवस

(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)

थंडी पडली की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. "मॅडम, माशांच्या अंगावर मीठ सांडल्यासारखं दिसतंय." मी आधी एकच विचारते: गेल्या दोन-तीन आठवड्यांत नवा मासा आणलास का? उत्तर बहुतेक वेळा 'हो' असंच येतं.

या रोगाला दुकानात 'व्हाइट स्पॉट' किंवा नुसतं 'इक' म्हणतात. १८७६ साली फूके या संशोधकाने त्याच्या परजीवीला नाव दिलं 'इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस'. वर्गात मी त्याची फोड करून सांगायची. इक्थिस म्हणजे मासा, फ्थिर म्हणजे ऊ, मल्टिफिलिस म्हणजे पुष्कळ लेकरांची. माशाच्या अंगावरची लेकुरवाळी ऊ! खरं तर ती ऊ नव्हे, एकपेशीय जीव आहे. पण 'लेकुरवाळी' हा शब्द ध्यानात ठेवा.

एका वर्षी लेकीच्या वाढदिवसाला मी सहा निऑन टेट्रा आणले आणि पिशवी तशीच टँकमध्ये रिकामी केली. आठवड्याभरात आमची काळी मॉली अंग तिरपं करून दगडाला घासायला लागली. घासायची, झटक्यात वर यायची, पुन्हा तेच. काचेला डोळा लावून पाहिलं, तर शेपटीजवळ रव्याच्या कणाएवढे तीन ठिपके. दुसऱ्या दिवशी वीसेक. निळं औषध आणलं, तीन दिवस घातलं. चौथ्या दिवशी मॉली लख्ख काळी. लेक टाळ्या पिटत होती. मी औषध थांबवलं. पुढच्या आठवड्यात चार टेट्रा गेले आणि मॉलीवरचे ठिपके मोजता येईनात. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण या परजीवीचं जीवनचक्र मी दरवर्षी फळ्यावर काढत होते.

नुकत्याच मेलेल्या एका टेट्राची शेपटी मी कॉलेजात नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्वचेच्या पातळ पापुद्र्याखाली एक गोल जीव संथपणे गरगरत होता. आत घोड्याच्या नालासारखं वळलेलं केंद्रक. अंगाभोवती बारीक केसांची झालर सारखी हलत होती. तेव्हा मला कळलं, की हा जीव माशाच्या कातडीच्या आत राहतो, वरून घातलेलं औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

पोट भरलं की तो स्वतःहून सुटतो, तळाच्या वाळूत बसतो, अंगाभोवती चिकट कवच करतो आणि आत दुभंगत राहतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकडो. कधी हजाराच्या घरात. कवच फुटलं की ही पिल्लं पोहत मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध, मीठ, उष्णता, सगळ्याचा मारा लागू पडतो तो या पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे ठिपके नाहीसे झाले तेव्हा माझी मॉली बरी झाली नव्हती. तळाशी पाळणे हलायला लागले होते.

म्हणून उपचार ठिपक्यांवर मोजायचा नाही, दिवसांवर मोजायचा. पाणी २५-२६ अंशांवर असेल तर हा फेरा आठवड्याच्या आत पुरा होतो. १० अंशांवर महिन्याहून अधिक रेंगाळतो. त्यासाठी हीटर. दर काही तासांनी एक अंश अशा बेताने ३० अंशांपर्यंत न्या आणि निदान दहा दिवस तिथेच ठेवा. इतक्या उष्णतेत बहुतेक वेळा या जीवाचं वाढणं थांबतं. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि परजीवीने कल्ले आधीच पोखरलेले असतात, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू हवा. सगळ्याच माशांना ही उष्णता मानवत नाही. गोल्डफिशच्या बाबतीत मी मिठावर जास्त भिस्त ठेवते.

मीठ साधं, खडे मीठ चालतं. लिटरला दोन ग्रॅम. आधी पाणी नीट मोजा. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि पाण्याची उंची ३० असेल तर ५४ लिटर होतात; वाळू-दगड वजा जाता ५० धरा. म्हणजे १०० ग्रॅम मीठ, मगात विरघळवून, दिवसभरात तीन वेळा विभागून. लोच आणि कॅटफिश यांना औषधंही जास्त बाधतात, त्यांच्यासाठी हात आखडता ठेवा. बाटलीतलं औषध वापरणार असाल तर फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. आणि रोज तळाची वाळू सायफनने उपसा. मला विचाराल तर सगळ्या उपचारात हेच काम सर्वांत मोलाचं आहे, कारण पाळणे तिथे आहेत.

हीटर नसेल त्यांच्यासाठी दोन टब पुरतात. दर बारा तासांनी मासे दुसऱ्या टबात हलवायचे, पाणी त्याच तापमानाचं, क्लोरीन काढलेलं. आधीचा टब धुऊन उन्हात कडकडीत वाळवायचा. कवच तिथेच मरतं. कष्टाचं आहे, पण एका विद्यार्थ्याने आठवडाभर हे नेमाने करून आपले गप्पी वाचवले.

थंडीने हा रोग 'होतो' असं म्हणतात, ते अर्धंच खरं. थंडीने मासा अशक्त होतो, पण परजीवी बाहेरूनच येतो. नव्या माशासोबत, पाणवनस्पतीवर, ओल्या जाळीवरून. म्हणून नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा.

आणि हात जोडून एक विनंती. आजारी मासे नदीत, तळ्यात सोडू नका. त्या टँकचं पाणीही तिथे ओतू नका. हा जीव मासा निवडून खात नाही. गोड्या पाण्यातल्या बहुतेक माशांना तो लागतो, आणि तळ्यातल्या रोहू-कटल्याला कुणी हीटर लावायला येत नाही.

मॉली वाचली. दुसऱ्या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारत गेले. पाचव्या फुलीला ठिपके गेले, तरी हीटर आणि मीठ चालूच ठेवलं. पंधराव्या फुलीनंतर हीटर हळूहळू उतरवला. तिच्या शेपटीच्या कडेला एक खाच राहिली होती, ती पुढे भरून आली नाही.