सावकाशीनें पाहावयाचा देश : आयर्लंड

आयर्लंडचें बेट तसें लहान. क्षेत्रफळ सुमारें ८४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईहून थोडेंच अधिक. डब्लिनहून सकाळीं मोटारीनें निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास पश्चिम किनाऱ्यावरील गॉलवे शहरीं पोंचतो, आणि आठवड्याभरांत सबंध बेटाला प्रदक्षिणा घालून परतूं शकतो. पुष्कळ प्रवासी असेंच करितात. त्यांना हिरवीं कुरणें दिसतात, मेंढ्या दिसतात, पाऊस तर दिसतोच दिसतो. आयर्लंड मात्र बहुधा त्यांच्या हातून निसटतें. या देशाची खरी दौलत कानांनीं घ्यावयाची आहे, आणि ऐकावयाचें म्हणजे बसावें लागतें.

लेन्स्टर, अल्स्टर, कॉनॉट व मन्स्टर असे या बेटाचे चार प्रांत. परंतु आयरिश भाषेंत प्रांताला जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'पंचमांश' असा होतो! पांचवा भाग मीथचा. तो पुढें लेन्स्टरमध्यें विरून गेला. शब्द मात्र जुन्या हिशेबाला चिकटून राहिला.

या मीथमध्येंच बॉइन नदीच्या कांठीं न्यूग्रेंज येथील दगडी समाधि आहे. ती इसवी सनापूर्वीं ३२०० च्या सुमाराची, म्हणजे इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडहूनहि जुनी. उगवता सूर्य आंतील गाभारा उजळतो, अशी एक समजूत आसपासच्या लोकांत चालत आली होती. विद्वानांनीं ती भाबडेपणाची मानिली. अखेर प्राध्यापक मायकेल ओकेली यांनीं १९६७ सालच्या डिसेंबरांत, वर्षांतील सर्वांत लहान दिवशीं, पहाटे आंत जाऊन पाहिलें. दारावरच्या झरोक्यांतून सूर्यकिरण आंत शिरला, १९ मीटर लांबीच्या बोळांतून सरकत गाभाऱ्यांत आला आणि सुमारें सतरा मिनिटें तेथें राहिला. लोकांच्या तोंडच्या गोष्टीला पांच हजार वर्षांचा पुरावा मिळाला.

उत्तरेस अल्स्टर. त्यांतील सहा परगणे १९२१ नंतरहि ब्रिटिश राज्यांतच राहिले आहेत. या सीमेपायीं पुष्कळ रक्त सांडलें. १९९८ च्या करारानंतर आतां तेथें चौकी-पहारा नाहीं, आणि रस्त्यावरील पाट्यांवर किलोमीटरांचे मैल झाले म्हणजेच सीमा ओलांडल्याचें कळतें. अँट्रिमच्या किनाऱ्यावर काळ्या दगडाचे सुमारें चाळीस हजार खांब एकमेकांस खेटून उभे आहेत, बहुतेक षट्कोनी. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाप्रमाणें हेहि लाव्हारसाचेंच अपत्य. भूगर्भशास्त्र एवढें सांगून थांबतें. तेथील म्हातारा सांगेल, कीं फिन मॅककूल या राक्षसानें स्कॉटलंडच्या राक्षसाशीं लढण्यास हा सेतु बांधिला. पण शत्रूचा आकार पाहून त्याची गाळण उडाली. तेव्हां त्याच्या चतुर बायकोनें त्यालाच बाळंत्यांत गुंडाळून पाळण्यांत निजविलें. मूल एवढें तर बाप केवढा, या भीतीनें स्कॉट राक्षस पळत सुटला, आणि जातांना त्यानें सेतु मोडला. दोन्ही हकीकती ऐकाव्या. घाई असेल तर दुसरी.

पश्चिमेकडे शॅनन नदी ओलांडली, कीं मातीपेक्षां दगड अधिक. सतराव्या शतकांत क्रॉमवेलच्या राजवटीनें जमिनी हिसकावून घेतलेल्या अनेकांना याच कॉनॉट प्रांतांत लोटलें. मेयो परगण्यांत क्रोह पॅट्रिक नांवाचा डोंगर आहे. जुलैच्या शेवटच्या रविवारीं हजारों यात्रेकरू तो चढतात, कांहीं तर त्या अणकुचीदार दगडांवरून अनवाणी. याच परगण्यांत १८८० सालीं कॅप्टन बॉयकॉट नांवाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुळांनीं वाळींत टाकलें. त्याचें पीक कापावयास मजूर नाहीं, माल द्यावयास दुकानदार नाहीं. शेवटीं अल्स्टरहून आणिलेले पन्नासएक लोक सुमारें हजार शिपायांच्या पहाऱ्यांत पीक कापून गेले! पंचवीस वर्षांनीं, १९०५ च्या स्वदेशीच्या चळवळींत, या गृहस्थाचें आडनांव महाराष्ट्रांतल्या सभासभांतून गाजलें. त्या शब्दाचा उगम मेयोंतला हें तेव्हां किती जणांना ठाऊक असेल!

गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशीं आरन बेटें आहेत. तीनच, आणि तिन्ही खडकाचीं. तेथील शेतकऱ्यानें शेत आधीं बनविलें आणि मग कसलें. खडकाच्या भेगा बुजवून त्यावर समुद्रकांठची वाळू व शेवाळ यांचे थरावर थर पसरले, वाऱ्यानें तें उडूं नये म्हणून भोंवतीं दगडी गडगे रचले, तेव्हां कोठें बटाट्याचा वाफा तयार झाला. नाटककार सिंज १८९८ पासून वारंवार तेथें जाऊन राहिला व कोळ्यांची बोली ऐकत बसला. त्याचीं गाजलेलीं नाटकें त्या ऐकण्यांतून निघालीं. आरनचे लोंकरी स्वेटर हल्लीं जगभर खपतात. प्रत्येक घराण्याची वीण निराळी असून बुडालेल्या कोळ्याचें प्रेत तीवरून ओळखीत, असें दुकानदार गंभीरपणें सांगतात. पण ही कथा अर्वाचीन आणि विक्रीच्या कामाची आहे. लोककथा म्हणून पुढें केलेली प्रत्येक गोष्ट लोकांची नसते.

येथें आयरिश भाषा अजून घरांत बोलली जाते. एके काळीं ती सबंध बेटाची होती. १८४१ सालीं बेटाची लोकसंख्या सुमारें ८२ लाख होती. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला. पुढील कांहीं वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसें मेलीं आणि तितकींच परदेशीं गेलीं. आज बेटावर सुमारें ७० लाख लोक आहेत. १८४१ चा आंकडा अद्यापि गांठलेला नाहीं. हा घाव आयरिश बोलणाऱ्या गरीब पश्चिमेवर सर्वांत खोल बसला. उरलेलें काम शाळेनें केलें. १८३१ सालीं सुरू झालेल्या सरकारी शाळा इंग्रजी शिकवीत. कित्येक ठिकाणीं मुलाच्या गळ्यांत दोरीनें एक काठी बांधीत. आयरिश शब्द तोंडून निघाला कीं तीवर एक खांच, आणि खांचा मोजून शिक्षा. दुःखाची गोष्ट ही, कीं घरीं या खांचा पाडणारे आईबापच असत. मुलाला अमेरिकेस धाडावयाचें, तर त्याला इंग्रजी यावयास हवें, एवढाच त्यांचा विचार. त्यांना नांवें ठेवणें सोपें आहे. पण ज्यानें उपाशी घर पाहिलें नाहीं, त्यानें तें करूं नये.

नैऋत्येकडे, मन्स्टरमधील केरी परगण्यांत, शॉन ओ कोनल नांवाचा एक शेतकरी-कोळी राहात असे. शाळा त्यानें पाहिलेली नव्हती, इंग्रजी त्याला समजत नव्हतें. परंतु जुन्या कथांचें भांडार त्याच्या जिभेवर होतें. पुढें पुढें श्रोते उरले नाहींत. तेव्हां कथा विसरूं नयेत म्हणून तो बाजाराहून परततांना चढावर गाडीमागें चालत, हातवारे करीत, गाडीच्या मागल्या फळीलाच कथा सांगे. १९२३ सालीं शेमस डेलार्गी नांवाचा तरुण अभ्यासक त्याच्या दारीं आला. ओ कोनल १९३१ सालीं वारला. त्याच्या कथांचें पुस्तक १९४८ सालीं निघालें.

याच डेलार्गींच्या नेतृत्वाखालीं १९३५ सालीं लोकसाहित्य गोळा करण्यासाठीं सरकारी मंडळ स्थापन झालें. १९३७ ते १९३९ या काळांत त्यानें सुमारें पांच हजार प्राथमिक शाळांतील मुलांना कामाला लाविलें. निबंधाच्या तासाला निबंधाऐवजीं मुलांनीं आजा-आजीला आणि शेजाऱ्यांना विचारून आणलेलें वहींत उतरावें : दुष्काळाच्या आठवणी, म्हणी, खेळ, झाडपाल्याचे उपाय, पवित्र विहिरी, भुताखेतांच्या जागा. अशीं सुमारें ७,४०,००० पानें जमलीं. पूर्वीं जेथें खांचा मोजल्या जात, तेथेंच आतां आजीचे शब्द शाईनें उतरूं लागले. हीं पानें आज कोणासहि घरबसल्या वाचतां येतात, आणि तेथील शहाणा प्रवासी ज्या गांवीं जावयाचें त्या गांवच्या मुलांनीं लिहिलेलें आधीं वाचून निघतो.

केरीच्या पश्चिम टोंकास डनक्वीन गांव आहे, आणि समोर समुद्रांत ग्रेट ब्लॅस्केट बेट. त्याची वस्ती कधीं दोनशेंपर्यंतहि गेली नाहीं. तरी त्या मूठभर कोळ्यांनीं आयरिश भाषेला तीन थोर आत्मकथा दिल्या. टोमास ओ क्रोहनची १९२९ सालीं निघाली, पेग सेयर्सची १९३६ सालीं. पेगनें आपली लिहिली नाहीं, मुलाला सांगितली. तरुण माणसें अमेरिकेस गेलीं, आजारी माणसाला वैद्य मिळेना, आणि १९५३ सालच्या नोव्हेंबरांत सरकारनें उरलेल्या २२ जणांना मुख्य भूमीवर हलविलें. उन्हाळ्यांत होड्या प्रवाशांना तेथें नेतात. पडक्या भिंतींमधून गवत वाढलें आहे, आणि किनाऱ्यावर सील पहुडलेले असतात. समुद्र खवळला तर होडी सुटत नाहीं. मग डनक्वीनला एखाद-दुसरा दिवस मुक्काम पडतो, आणि संध्याकाळीं शेगडीशीं बसून गांवकऱ्यांचें बोलणें ऐकावें लागतें.