मोरचुदातला बिनजोडीचा इलेक्ट्रॉन



आपल्याकडे संत्र्याच्या बागेत मोरचूदही लागतो आणि झिंक सल्फेटही. मोरचुदातल्या तांब्याच्या आयनात 27 इलेक्ट्रॉन; 3डी उपकवचात नऊ, म्हणजे एक बिनजोडीचा. म्हणून दोऱ्याला टांगलेला निळा खडा जोरदार चुंबकाकडे किंचित सरकतो. जस्ताच्या आयनात तिथे दहा, सगळे जोडीने. तो पांढरा खडा सरकत नाही. निळा रंगही त्या अपुऱ्या उपकवचामुळेच.

2017 मध्ये कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात माणसं गेली. पुडीत नेमकं काय आहे, हे विचारायची सवय शाळेतच लागते. आपल्या बॅचने प्रयोगशाळेला चांगले चुंबक द्यावेत. शिक्षकांच्या देखरेखीखाली हा प्रयोग प्रत्येक मुलामुलीने स्वतःच्या हाताने करावा, एवढंच मागणं.