विकास आराखडा आणि आपला गट नंबर



बियाणं, खतं, फवारणी यांबद्दल आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचं आहे ते ज्या जमिनीवर हे सगळं चालतं, तिच्याबद्दल. गाव नगरपंचायतीच्या, नगरपालिकेच्या किंवा एखाद्या विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आलं की गावाचा विकास आराखडा तयार होतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याने तो होतो. पुढच्या वीसेक वर्षांत रस्ते कुठून जायचे, शाळा, दवाखाना, बाजार, मैदान कुठे व्हायचे, वस्ती कुठवर वाढायची आणि शेती कुठे राहायची, हे त्यात ठरते.

माझ्या मामांची गोष्ट सांगतो. त्यांच्या गावाचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा पेरणीची घाई होती. चावडीवर नोटीस लागली होती. मामा म्हणाले, "आपल्याला कोण विचारतंय? सरकारला करायचं ते सरकार करणार." शेजारच्या शेतकऱ्याने मात्र एक दिवस मोडला, कचेरीत जाऊन नकाशा पाहिला. आखलेला रस्ता दोघांच्याही विहिरींवरून जात होता. त्याने सातबारा आणि विहिरीचा फोटो जोडून मुदतीत हरकत दिली. सुनावणीत त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि त्याच्या बाजूला रस्ता बांधाकडे सरकला. मामांची हरकतच नव्हती. त्यांची विहीर आजही नकाशावर रस्त्यात आहे. मामांचे पाणी गोड आहे, पण ते नकाशा काढणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही.

म्हणून पहिली गोष्ट, नकाशा वाचायला शिका. त्यात अवघड काही नाही. सातबाऱ्यावरचा गट नंबर घ्या आणि तो आराखड्याच्या नकाशात शोधा. नकाशाच्या कडेला रंगांची सूची असते, ती आधी पाहा. साधारणपणे पिवळा रंग रहिवासासाठी आणि हिरवा शेतीसाठी वापरतात, तरी सूची पाहिल्याशिवाय अंदाज करू नये. गट नंबर सापडत नसेल तर ओढा, मंदिर, पाणंद, जुना रस्ता या खुणांवरून शोधा. शंका राहिली तर नगररचना कार्यालयाकडे झोन दाखला व भाग नकाशा मागावा.

रस्त्याचा हिशेबही करून पाहा. समजा ३० मीटर रुंदीचा रस्ता तुमच्या शेतातून १०० मीटर लांब जातो. म्हणजे ३,००० चौरस मीटर जमीन गेली. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा जवळजवळ ३० गुंठे, म्हणजे पाऊण एकर! नकाशावर ही रेघ बोटभर दिसते. दोन एकराच्या धन्याला पाऊण एकर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय शेताचे दोन तुकडे होतात, पाइपलाइन तुटते, पलीकडे बैल न्यायची वाट बंद होते. हे सारे हरकतीत लिहिण्याजोगे मुद्दे आहेत.

दुसरी गोष्ट, आराखड्याच्या पायऱ्या ओळखा. आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर होतो. मग जमिनीचा सध्याचा वापर नोंदवण्यासाठी पाहणी होते. पाहणीला माणसे आली तर शेतावर हजर राहा आणि विहीर, फळबाग, गोठा, पाइपलाइन दाखवा. पुढे प्रारूप आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात प्रसिद्ध होतो. त्यावर हरकती व सूचना देण्यास साधारण ३० दिवस मिळतात. नोटिशीत छापलेली शेवटची तारीख हीच खरी धरावी. नियोजन समिती सुनावणी घेते, बदल होतात आणि शेवटी शासन मंजुरी देते. मंजुरीच्या वेळी शासनाला मोठे बदल करायचे असतील तर त्यावरही पुन्हा हरकती मागवतात. म्हणजे एक संधी हुकली तरी लक्ष ठेवणे सोडू नये.

तिसरी गोष्ट, प्रारूप म्हणजे अंतिम नव्हे. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये ८०० हून अधिक गावांचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला. त्यावर हजारो हरकती आल्या. पुढे २०२५ मध्ये शासनाने तो प्रारूप आराखडा रद्द केला. आता विचार करा, मधल्या चार वर्षांत कुणी नुसता रंग पाहून जमीन घेतली किंवा विकली असेल, तर त्याचा हिशेब कुठे गेला? "तुमच्या जमिनीवर आरक्षण पडलंय, आत्ताच देऊन टाका" असे सांगणारे दलाल अशा वेळी गावात फिरतात. त्यांच्या शब्दावर इसार घेऊ नका. आधी कचेरीतला नकाशा पाहा.

हेही लक्षात ठेवा, की नकाशावर रंग बदलल्याने मालकी बदलत नाही. आरक्षण पडले तरी मोबदला दिल्याशिवाय जमीन घेता येत नाही. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली गेली नाही, तर मालकाला कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत जमीन संपादन झाली नाही किंवा त्यासाठी कार्यवाही सुरू झाली नाही, तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे सुटते. ही नोटीस वकिलाच्या सल्ल्याने द्यावी.

हरकत अर्जात एवढे असावे:

१. नाव, पत्ता, गाव, गट नंबर, क्षेत्र.
२. नकाशात काय दाखवले आहे आणि जागेवर प्रत्यक्ष काय आहे.
३. तुमचे काय नुकसान होते, थोडक्यात.
४. काय बदल हवा. "रस्ता नको" एवढेच लिहू नये. "रस्ता बांधाच्या कडेने किंवा जुन्या पाणंदीवरून न्यावा" असा पर्याय द्यावा.
५. सोबत सातबारा, मोजणीचा नकाशा, विहिरीचे फोटो.

अर्ज दोन प्रती करून द्यावा आणि एका प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्यावा. पोच हाच पुरावा. सामायिक जमीन असेल तर सर्व हिस्सेदारांनी सह्या कराव्यात. सातबाऱ्यावर मयत वडिलांचेच नाव असेल तर वारस नोंद आजच करून घ्या. सुनावणीची तारीख आली की स्वतः जा आणि मुद्द्याचे बोला.

प्रत्येक हरकत मान्य होते, असे मी म्हणणार नाही. गावाला रस्ता हवा, शाळा हवी, दवाखाना हवा. त्यासाठी कुणाची तरी जमीन लागणारच. पण कुणाची, किती आणि कुठून, हे ठरताना तुमचा आवाज कागदावर असला पाहिजे. एकट्याने जाण्यापेक्षा चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून जावे आणि ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावून सर्वांना दाखवावा. घरातल्या शिकलेल्या मुलामुलींना सोबत न्यावे.

पीक एका हंगामाचं जातं, पुढच्या हंगामात भरून निघतं. गेलेली जमीन मात्र परत येत नाही. तेव्हा नोटीस दिसली की औत जरा थांबवा आणि नकाशा पाहून या.